नोंद नाही, त्याला तोड नाही

विशेष गरजा असलेल्या मुलांचे शिक्षण आणि आपल्या कार्यक्षेत्रासाठी एक सल्लागार मंडळ



उसाची नोंद नसली तर तोड मिळत नाही, हे आपणाला कुणी शिकवायला नको. लागण झाली की चिटबॉय बांधावर येतो. गट नंबर, क्षेत्र, जात, लागणीची तारीख लिहून नेतो आणि त्या तारखेच्या हिशेबाने पुढचा तोडणी कार्यक्रम लागतो. एखाद्याची नोंद राहिली तर तो गट ऑफिसात जातो, तिथे दाद लागली नाही तर शेतकी अधिकाऱ्यांकडे, आणि तिथेही नाही तर थेट चेअरमनसाहेबांच्या दारात. आम्हीही गेलेलो आहोत. एकदा नव्हे, दोनदा. हक्काच्या नोंदीसाठी भांडायला आपल्या भागातला शेतकरी लाजत नाही.

गेल्या हंगामात आम्ही आळंदीच्या खालच्या अंगाला, इंद्रायणीकाठच्या एका वस्तीवर ऊस पाहायला गेलो होतो. सव्वा एकराचा आडसाली प्लॉट, रान पाणथळ, तरी ऊस उभा आणि जाड. मालक कौतुकाने पेरी मोजून दाखवत होते. एवढ्यात उसाची ट्रॉली मागे घेत ट्रॅक्टर वस्तीच्या अंगणात शिरला. ड्रायव्हरने हॉर्नवर हॉर्न दिले. गोठ्याच्या कडेला एक नऊ-दहा वर्षांची मुलगी पाठमोरी बसून शेणाने सारवलेल्या जमिनीवर खडूने रेघा ओढत होती. ती वळली नाही. तिची आई चुलीपुढून उठून धावली आणि दंडाला धरून तिला ओढून घेतले, तेव्हा ट्रॉलीचे चाक हातभर अंतरावर होते.

"ऐकतच नाही ओ," आई म्हणाली. आम्हाला आधी वाटले, हट्टी आहे असे म्हणतात. मग कळले, मुलीला खरोखरच ऐकू येत नाही. घरच्यांना शंका ती दीड वर्षाची असतानाच आली होती. पण आजी म्हणाली, हिचा मामाही उशिराच बोलला. अंगणवाडीच्या वहीत वजन-उंची नीट होती, म्हणून तब्येत चांगली असा शेरा पडला. पुढे शाळेत नाव घातले. गुरुजींनी तिला मागच्या बाकावर बसवले. ती कुणाला त्रास देत नव्हती, म्हणून कुणी तिच्याकडे पाहिलेही नाही. चौथीपर्यंत ती वरच्या वर्गात चढत गेली आणि नंतर घरीच राहिली. पटावर नाव आहे, पोरगी गोठ्यात आहे. एकदा दाखला काढायला वडील तिला घेऊन शहरातल्या एका दवाखान्यात गेले. तिथे सांगितले, तपासणीचा दिवस आज नाही, बुधवारी या. बुधवारी उसाला पाण्याची पाळी होती. नंतर ते राहूनच गेले.

वडिलांच्या सव्वा एकर उसाची नोंद आमच्याकडे होती, लागणीच्या तारखेसकट. त्या मुलीची नोंद कुणाकडेच नव्हती. हा लेख त्या दिवशीच लिहायचे ठरले.

एकच मुलगी नव्हे

कुणी म्हणेल, असे मूल एखाद्या वस्तीवर असायचेच. पण २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार अपंग व्यक्ती मोजल्या गेल्या. त्याच जनगणनेप्रमाणे देशातल्या ५ ते १९ वयाच्या अपंग मुलांपैकी २७ टक्के मुलांनी शाळेचे तोंड कधीच पाहिलेले नव्हते आणि १२ टक्के शाळा सोडून घरी बसली होती. हे आकडे मोजलेल्या मुलांचे आहेत. आपल्या वस्तीवरची मुलगी त्या वेळी जन्मलीही नव्हती, आणि पुढची जनगणना लांबत गेली. शिवाय २०११ च्या वेळी अपंगत्वाची यादी आजच्यापेक्षा आखूड होती. १९९५ च्या कायद्यात ७ प्रकार होते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात २१ झाले. त्यात स्वमग्नता आली, सिकलसेल आणि थॅलेसेमिया आले, आणि अध्ययन अक्षमताही आली. ज्या मुलाला आपण 'डोक्याने मठ्ठ' म्हणून शाळेतून काढून ढोरांमागे लावतो, त्यातली काही मुले या शेवटच्या प्रकारातली असतात. त्यांची बुद्धी शाबूत असते, वाचण्याची वाट तेवढी वेगळी असते.

या कामात उशीर किती महाग पडतो, हे उसवाल्याला लवकर समजेल. आडसाली लागण जुलै-ऑगस्टची. ती जानेवारीत केली तर ऊस येतो, पण आडसालीचे वजन येत नाही. मुलाच्या कानाचे तसेच आहे. आवाज ऐकून भाषा शिकण्याचे मेंदूचे काम पहिल्या तीन-चार वर्षांत जोरात चालते. तेवढ्यात बहिरेपण ओळखले, श्रवणयंत्र लावले, गरज असेल त्या मुलाला कॉक्लिअर इम्प्लांट बसवले आणि पुढे रोज बोलण्याचा सराव घेतला, तर मूल बोलू लागते. नवव्या वर्षी तेच यंत्र लावून तेवढा गुण येत नाही. नवव्या वर्षी काहीच करता येत नाही असा याचा अर्थ कुणी काढू नये. खुणांची भाषा आहे, कर्णबधिर मुलांच्या शाळा आहेत, आणि तिथे शिकून पुढे नोकऱ्या करणारी माणसे आहेत. पण एक हंगाम हातचा गेला, तो गेलाच.

योजना आहेत, पण त्या चार घरांत राहतात

सरकार काही करत नाही असे आम्ही लिहिणार नाही, कारण ते खरे नाही. अपंग मुलांना साध्या शाळेत शिकवण्याची केंद्राची योजना १९७४ सालची आहे. आज समग्र शिक्षा अभियानात अशा प्रत्येक विद्यार्थ्यामागे वर्षाला ३,५०० रुपयांची तरतूद धरतात आणि मुलींना वर्षातले दहा महिने, महिना २०० रुपये प्रोत्साहन भत्ता आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणीला येते. २०१६ चा कायदा सांगतो की ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षण, आणि तेही जवळच्या शाळेत की विशेष शाळेत, हे ठरवण्याचा हक्क त्याच्याकडे. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्राने दिव्यांग कल्याणाचे वेगळे खातेच काढले. दहावी-बारावीला अशा विद्यार्थ्यांना लेखनिक मिळतो आणि तासाला २० मिनिटे जादा मिळतात. आमच्या ओळखीच्या एका सभासदाला ही सवलत कळली ती मुलाचा दहावीचा निकाल लागल्यावर!

घोटाळा असा, की अंगणवाडी महिला व बालविकास खात्याची, तपासणी आरोग्य खात्याची, साधी शाळा शिक्षण खात्याची आणि विशेष शाळा दिव्यांग कल्याण खात्याची. चार खात्यांची चार रजिस्टरे. मूल एका रजिस्टरातून दुसऱ्यात जाताना मध्येच गळते, आणि कोणत्याही एका साहेबाला विचारले तर त्याचे रजिस्टर चोख असते.

आळंदीला तर यात इंद्रायणीची भर पडते. आळंदी खेड तालुक्यातली, स्वतःची नगरपरिषद असलेली; तालुक्याचे सगळे कागद राजगुरुनगरला. नदी ओलांडून डुडुळगाव, मोशी, चऱ्होली, दिघीकडे गेले की पिंपरी-चिंचवड महानगरपालिका. महापालिकेने मोरवाडीला दिव्यांग भवन उभारले आहे, तिथे मुलांच्या तपासणीची आणि उपचारांची सोय आहे. अलीकडच्या काठाच्या आईने ते बसच्या खिडकीतून पाहायचे, आणि आपले मूल त्या हद्दीत बसते का, हे कुणाला विचारायचे तेच तिला माहीत नसते. जिल्ह्याचे रुग्णालय औंधला. उसाच्या पाळीत, दुधाच्या वेळा सांभाळून, ऐकू न येणाऱ्या मुलीला दोन बस बदलून औंधला नेणे म्हणजे अख्खा दिवस जातो. तेवढ्यातून तपासणीचा दिवस चुकला तर काय होते, ते वर लिहिलेच आहे.

आणि आता आकड्याची एक गोष्ट, जी सगळ्यांत महत्त्वाची. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली सांगितले, की प्राथमिक वर्गांत अशा १० मुलांमागे १ आणि वरच्या वर्गांत १५ मुलांमागे १ विशेष शिक्षक असला पाहिजे. २०२४ साली राज्य सरकारने केंद्रशाळांच्या पातळीवर विशेष शिक्षकांची ४,८६० पदे मान्य केली. शिक्षकाचे हे प्रमाण मुलांच्या संख्येवर चालते. म्हणजे मुले यादीत आली तर शिक्षकाची मागणी कागदावर उभी राहते. मुले गोठ्यात राहिली तर तालुक्याला मागायलाही तोंड राहत नाही. नोंद नाही, त्याला तोड नाही, हा आपला नियम इथेही लागू आहे.

आळंदीने दाखवलेली वाट

आळंदी म्हटले की आपल्याला माउलींची समाधी आठवते, कार्तिकातली गर्दी आठवते, जोग महाराजांनी १९१७ साली काढलेली वारकरी शिक्षण संस्था आठवते. त्याच आळंदीत नॅशनल फेडरेशन ऑफ दि ब्लाइंडच्या महाराष्ट्र शाखेची जागृती अंध मुलींची निवासी शाळा आहे, हे आपल्या किती सभासदांना ठाऊक आहे? देवाला जाताना आपण बाहेर कुणी हात पुढे केला तर रुपया टाकतो. दृष्टी नसलेली मुलगी शिकू शकते, हे मात्र आपल्या मनावर अजून ठसलेले नाही.

ब्रेल म्हणजे सहा टिंबांची मांडणी. त्या सहा टिंबांत मराठीची सगळी अक्षरे बसतात. भारतीय भाषांसाठी एकच ब्रेल १९५१ साली ठरले. जाड कागदावर पाटी आणि टोच्या घेऊन मुले उजवीकडून डावीकडे टोचतात आणि कागद उलटून डावीकडून उजवीकडे वाचतात. म्हणजे प्रत्येक अक्षर लिहिताना उलटे आणि वाचताना सुलटे मनात धरावे लागते. एकदा हे करून पाहा, मग कोण हुशार ते ठरवू. पुण्यात अंध मुलांची शाळा १९३४ पासून चालते. बौद्धिक वाढ मंदावलेल्या मुलांसाठी 'कामायनी' १९६४ पासून काम करते. तेव्हा पुणे जिल्ह्यात हा विषय काल-परवाचा नाही. पुण्याहून तो आपल्या रानापर्यंत आलेला नाही, इतकेच.

माउलींना गुरू आणि पिता मानणारे गुलाबराव महाराज (१८८१ ते १९१५) विदर्भातले. वर्षाचे होण्याआधीच त्यांचे डोळे गेले. ते दुसऱ्यांकडून ग्रंथ वाचून घेत, आणि पुढे स्वतः त्यांनी किती ग्रंथ सांगितले याची गणती करताना अभ्यासक थकतात. हे उदाहरण आम्ही चमत्कार म्हणून देत नाही. त्यांना वाचून दाखवणारी माणसे भेटली, हा त्यातला मुद्दा आहे. आळंदीत चालवलेली भिंत आपण सगळ्यांनी पाहिली आहे. आम्ही कुणाला भिंत चालवायला सांगत नाही. शाळेच्या तीन पायऱ्यांशेजारी एक उतार बांधा, एवढेच म्हणतो. आणि तोही हातभर लांबीचा, छातीवर चढ येईल असा नको. फूटभर उंचीला निदान बारा फूट लांबी हवी, हे बांधणाऱ्या गवंड्याला आधी सांगा.

मंडळ कशासाठी, आणि कुणाचे?

आमची सूचना अशी, की येत्या वार्षिक सभेपुढे एक ठराव यावा: कारखान्याच्या कार्यक्षेत्रातील विशेष गरजा असलेल्या विद्यार्थ्यांच्या शिक्षणाचे नियोजन करण्यासाठी एक सल्लागार मंडळ नेमावे.

मंडळ म्हटल्यावर सभासद हसतील, हे आम्ही धरूनच चाललो आहोत. समित्या काय थोड्या आहेत? चहा येतो, बिस्किटे येतात, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम होते, आणि पुढच्या सभेची तारीख ठरते. तसले मंडळ नकोच. म्हणून त्यात कोण बसतो, हे आधी ठरले पाहिजे.

कायद्यात अशी मंडळे आहेत. २०१६ च्या कायद्याने राज्य सल्लागार मंडळ ठेवले आहे. त्याने सहा महिन्यांतून एकदा तरी बसायचे. त्यात मंत्री आहेत, खात्यांचे सचिव आहेत, तज्ज्ञ आहेत, अपंगांच्या संस्थांचे प्रतिनिधी आहेत, जिल्ह्यांनी पाळीपाळीने पाठवायचे सभासद आहेत. जिल्हा पातळीवरही समिती सांगितली आहे. पण पालक म्हणून स्वतंत्र खुर्ची त्या यादीत लिहिलेली नाही. अमेरिकेत १९७५ साली अपंग मुलांच्या शिक्षणाचा कायदा झाला. त्याच्या आजच्या रूपाप्रमाणे प्रत्येक राज्यात सल्लागार मंडळ लागते आणि त्यातले निम्म्याहून जास्त सभासद स्वतः अपंग किंवा अपंग मुलांचे आईबापच असावे लागतात. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात प्रत्येक शाळामंडळाला अशी समिती ठेवावी लागते आणि तिथे पालकांच्या संघटना आपली माणसे पाठवतात.

परदेशाचे कशाला, आपल्याच घरात पाहा. प्रवरेला १९५० साली पहिले गळीत झाले तेव्हा अर्थशास्त्राचे पंडित धनंजयराव गाडगीळ आणि शेतात राबलेले विठ्ठलराव विखे एका टेबलाशी बसले. आपल्या संचालक मंडळातही ऊस पिकवणारे बसतात. चीफ केमिस्ट सल्ला देतो आणि त्याचा सल्ला आपण मानतो, पण खुर्ची उत्पादकाची. या मंडळातही बहुमत आईबापांचे असावे, आणि त्यातही निम्म्या आया असाव्यात, असे आम्हाला वाटते. कारण मुलाला दिवसभर सांभाळते ती आई, आणि मूल कशाने हसते, कशाने बिथरते, हे तिलाच माहीत असते. बाकी जागांवर स्वतः अपंगत्व असून शिकलेला एक तरी माणूस, एक विशेष शिक्षक, एक साधा शिक्षक, एक अंगणवाडी सेविका, तपासणी पथकातले एक डॉक्टर आणि आपले शेतकी अधिकारी.

शेतकी अधिकारी कशाला, असे कुणी विचारील. कारण घराघरांत जाणारी, प्रत्येक वस्ती ओळखणारी, बांध आणि बांधाचे भांडणही ठाऊक असलेली माणसे या कार्यक्षेत्रात दुसऱ्या कुणाकडे नाहीत. ऊस नोंदीला चिटबॉय जातो, तेव्हाच एक जादा कागद घेऊन जाईल. त्याने मुलाला तपासायचे नाही, नाव ठेवायचे नाही, सल्ला तर अजिबात द्यायचा नाही. घरात ० ते १८ वयाचे असे मूल आहे का, शाळेत जाते का, दाखला काढला आहे का, एवढेच विचारायचे आणि बंद पाकीट मंडळाकडे द्यायचे.

पाकीट बंदच हवे, यावर आम्ही अडून बसणार आहोत. नावे फलकावर लागता कामा नयेत, गट ऑफिसात वाचली जाता कामा नयेत. त्याच वस्तीवर आम्ही विचारले, शाळेत जाऊन तुम्ही भांडला का नाही? वडील काही बोलले नाहीत. आजी म्हणाली, "थोरलीचं लग्न जमवायचंय, भाऊ. गावात गवगवा कशाला?" ही भीती खोटी आहे असे म्हणून ती जात नाही. तिला मान देऊनच काम केले तर आकडा खरा येईल.

मंडळाचा अधिकार सल्ल्यापुरता, हे आम्हाला माहीत आहे. खात्याच्या साहेबांना ते हुकूम करू शकत नाही. पण लेखी प्रश्न विचारू शकते आणि लेखी उत्तर मागू शकते. अमुक केंद्रात इतकी मुले आहेत, विशेष शिक्षक किती दिवस येतो? तपासणीचे शिबिर औंधऐवजी आळंदीला किंवा चाकणला घेता येईल का? नदीपलीकडच्या सोयी अलीकडच्या मुलांना कोणत्या अटीवर मिळतील? एकट्या आईने विचारले तर उद्या या म्हणतात. हजारो सभासदांच्या संस्थेच्या कागदावर, जावक क्रमांक घालून विचारले तर फाइल हलते. आणि आलेले उत्तर, न आलेले उत्तरही, या वार्तापत्रात छापावे.

दुसरे एक दार कायद्यानेच उघडे ठेवले आहे आणि आपण ते ढकललेले नाही. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया लागतात. वंचित घटकांतल्या मुलांच्या पालकांना प्रमाणात जागा द्याव्या लागतात. २०१२ च्या दुरुस्तीने अपंग मूल या वंचित घटकात आले. म्हणजे गावच्या शाळेच्या समितीत अशा मुलाच्या आईबापांनाही जागेचा हक्क पोचतो. पुढच्या वेळी समिती निवडताना हे गुरुजींच्या कानावर घाला. त्यांना माहीत नसेल तर रागावू नका, बहुतेकांना नसते.

खर्चाचे आणि कोपीचे

कपात म्हटले की सभासदाच्या कपाळाला आठी पडते, म्हणून आधीच सांगतो: उसाच्या बिलातून नवी कपात आम्ही सुचवत नाही. मंडळाला लागणार आहे ते टपाल, जीप आणि महिन्यातला एक दिवस. वस्तूंच्या खर्चासाठी चाकणच्या कंपन्या आहेत. आपल्यातल्या कितीतरी जणांची जमीन त्यांच्या गोडाउनखाली गेली. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांना नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी लागते, आणि त्या कामांच्या यादीत विशेष शिक्षण शब्दानिशी लिहिलेले आहे. पण कुठे काय हवे हे सांगणारे कुणी नसले, की एकाच गावात तीन वेळा चाकाच्या खुर्च्या वाटल्या जातात, हार-तुरे होतात, फोटो निघतो. ज्या मुलाला श्रवणयंत्राची बॅटरी हवी होती ते तसेच राहते. एक जागी यादी असली की देणाऱ्यालाही सोपे.

१९८३ नंतर विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना वाट मोकळी झाली आणि साखर कारखान्यांच्या मंडळींनी ती धडाक्याने काढली. चांगलेच झाले, आपली मुले इंजिनिअर झाली. पण कर्णबधिर मुलांसाठी शाळा काढणाऱ्या कारखान्याचे नाव सांगा म्हटले तर ते चटकन ओठावर येत नाही. आम्ही शाळा काढा असेही म्हणत नाही. असलेली शाळा आणि असलेले मूल यांची गाठ घालून द्या, इतकेच मागतो.

आता ज्यांच्याबद्दल आपण सभासद म्हणून सगळ्यांत कमी बोलतो, ती मंडळी. आपला ऊस तोडायला बीडकडून, अहिल्यानगरकडून जोड्या येतात, फडाशेजारी कोप्या पडतात. त्या कोपीत अपंग मूल असेल तर ते दोन्हीकडून सुटते. गावच्या शाळेत ते गैरहजर, इथल्या शाळेत त्याचे नाव नाही. ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी साखरशाळा निघाल्या, गावाकडे हंगामी वसतिगृहे आली. पण ज्या मुलाला उचलून न्यावे लागते, भरवावे लागते, त्याला आई वसतिगृहात ठेवून कशी येईल? ती त्याला बैलगाडीत बरोबर आणते, किंवा म्हाताऱ्या सासूपाशी ठेवून सहा महिने जीव तिकडे ठेवते. उचल देताना कारखाना आणि मुकादम प्रत्येक कोयत्याचे नाव-गाव लिहून घेतात. त्या यादीत मुलांचा एक रकाना वाढवायला शाईखेरीज काही लागत नाही. हे मूल आपल्या सभासदाचे नाही, म्हणून त्याची नोंद आपण का ठेवायची, असा प्रश्न सभेत कुणी विचारला तर त्याचे उत्तर आम्ही तिथेच देऊ.

शाळा साधी की विशेष, या वादात मंडळाने पडू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. गावच्या शाळेत मूल भावंडांबरोबर जाते, रात्री घरी जेवते, गाव त्याला ओळखतो. निवासी शाळेत ब्रेल आहे, काठी घेऊन एकटीने चालण्याचा सराव आहे, आणि आपल्यासारख्या मैत्रिणी आहेत. एकीकडे मिळते ते दुसरीकडे मिळत नाही. ज्या मुलाला घराबाहेर काढणेच शक्य नाही, त्याला घरी येऊन शिकवण्याची सोयही कायद्यात आहे. मंडळाने तिन्ही वाटा आईबापांपुढे ठेवाव्यात, शाळा दाखवून आणाव्यात, आणि निवड त्यांच्यावर सोडावी.

ज्या सभासदांच्या घरात असे मूल आहे आणि ज्यांना मंडळात काम करायची इच्छा आहे, त्यांनी सभेची वाट न पाहता आपल्या गट ऑफिसात बंद पाकिटात नाव द्यावे. लिहिता येत नसेल तर निरोप चालेल. ठरावाला सूचक आणि अनुमोदक आम्हाला मिळालेले आहेत. बोलायला आयांपैकी कुणी उभ्या राहिल्या तर आम्ही आमचे भाषण आखडते घेऊ.

त्या वस्तीवरच्या वहिनींनी मात्र ठरावासाठी थांबायचे नाही असे ठरवले. ऊस गेला, बिल जमा झाले, आणि दुसऱ्याच आठवड्यात त्या मुलीला घेऊन औंधला जाऊन आल्या. या वेळी तपासणीचा दिवस फोन करून विचारून. कागद हातात आला आहे. शाळा कुठली, ते अजून ठरत नाही. निवासी शाळेला आजीचा ठाम नकार आहे, वडिलांचे मन दोन्हीकडे आहे, आणि मुलीला कसे विचारायचे ते घरात कुणालाच येत नाही. खुणांची भाषा येणारी एक शिक्षिका पुढच्या रविवारी वस्तीवर यायला तयार झाली आहे.